नव्यानं सोलापुरात आलात? भाकरीपासून सुरुवात करा

दरवर्षी जून-जुलैत सोलापुरात नवी माणसं येतात. कुणी रेल्वेत बदलून येतं, कुणी बँकेत, कुणी मेडिकल कॉलेजला, कुणी विद्यापीठात. महिन्याभरानं भेटली की त्यातल्या निम्म्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: "इथं बाहेर खायला काही मिळत नाही हो." कुठं कुठं गेला होता, असं विचारलं की मोठ्या रस्त्यावरच्या चार झगमगीत हॉटेलांची नावं येतात. तिथं पनीर खाल्लेलं असतं, नूडल्स खाल्लेले असतात. ते पुण्यातही मिळतं, नागपुरातही मिळतं. सोलापूरचं खाणं पेठांमध्ये आहे आणि ते घड्याळ बघून मिळतं. सकाळी सातला जे आहे ते नऊला नाही. रविवारी जे आहे ते सोमवारी नाही. पौषात जे आहे ते चैत्रात शोधून सापडत नाही.

मी जन्मानं इथला. गेली बरीच वर्षं नव्या सहकाऱ्यांना घेऊन फिरतो आहे. त्या फिरण्यातून जो क्रम जमला, तोच इथं लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्याच रविवारी मटणाच्या खानावळीत जाऊन बसलात तर तिखटानं घाम फुटेल आणि बाकीचं राहून जाईल.

पहिला आठवडा: हॉटेल नको, ज्वारी

सोलापूर जिल्ह्याची काळी जमीन आणि तिच्यावरची रब्बीची ज्वारी, इथल्या ताटाचा पाया हा. मालदांडी हे ज्वारीचं नाव तुम्ही दुकानात ऐकाल. तिचा एम ३५-१ हा वाण जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकन आहे. म्हणून पहिली खरेदी भाकरीची करा.

भाकरी दोन प्रकारची. मऊ भाकरी तव्यावरून ताटात आली तरच खरी, ती पुढं खानावळीत भेटेल. आधी घ्यायची ती कडक भाकरी. ज्वारीची किंवा बाजरीची, पापडासारखी पातळ थापलेली, दोन्ही बाजूंनी भाजून मग मंद आचेजवळ उभी करून ठेवलेली, म्हणजे आतला ओलावा सगळा निघून जातो. ओलावा नाही म्हणून बुरशी नाही, म्हणून ती आठवडेच्या आठवडे टिकते. बाळीवेस, नवी पेठ, सिद्धेश्वर मंदिराचा परिसर, कुठंही गड्ड्या दिसतील. बचत गटांच्या बायका करतात त्या मला जास्त आवडतात, कारण त्यांची जाडी सगळीकडं सारखी असते. घेताना एक तुकडा मोडून बघा. टच्च आवाज करून तुटली पाहिजे. वाकली तर ती दमट आहे, घेऊ नका. कडेला काळे डाग असतील तर कडवट लागेल.

खायची कशी, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. नुसती चावत बसायची नसते. दही आणि शेंगा चटणीबरोबर तुकडे करून खा, हा सकाळचा प्रकार. जेवणात ती वाटीत चुरायची, वरून गरम आमटी ओतायची, दोन मिनिटं थांबायचं आणि मग बोटांनी कालवायची. ही दोन मिनिटं थांबलात तर भाकरी अर्धी मऊ आणि अर्धी कुरकुरीत राहते. मजा त्या अर्ध्यात आहे.

आता चटणी. शेंगा चटणी बाहेरगावी पाकिटात मिळते, तिच्यावरून मत बनवू नका. भाजलेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, एवढंच सामान. पण ते कुटावं लागतं. मिक्सरला लावलं की पीठ होतं. कुटलं की दाण्यातलं तेल हळूहळू बाहेर येतं आणि चटणी आपल्याच तेलात धरून बसते. दुकानात मालकांना म्हणा, "जरा चवीला द्या की." चिमूटभर हातावर येईल. ती अंगठा आणि तर्जनीत दाबा. गोळी व्हायला हवी आणि बोटांना तांबूस तेल लागायला हवं. कोरडी भुकटी सांडली तर पुढचं दुकान बघा. वास घ्या. लसूण आणि भाजका दाणा आला पाहिजे, जुन्या तेलाचा वास येता कामा नये.

ही परीक्षा मी नुकसान सोसून शिकलो. बहिणीच्या सासरी पाठवायला एका दुकानातून वास न घेता दोन किलो चटणी बांधून घेतली होती. पंधरा दिवसांत तिचा फोन आला, सगळी खवट निघाली. शेंगदाण्याचं तेल हवेला उघडं पडलं की खवटतं, त्याला इलाज नाही. तेव्हापासून पाव किलोच्या वर घेत नाही, आणि घरी आल्याबरोबर काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवतो. त्याच दुकानात शेंगा पोळी दिसली तर दोन घ्या. भाजलेल्या दाण्याचा कूट आणि गूळ भरलेली ही पोळी चार-पाच दिवस सहज राहते. तूप लावून कोमट करून खा.

दुसरा आठवडा: सकाळ

सोलापूर लवकर उठतं. गिरण्यांच्या पाळ्यांवर वाढलेलं शहर आहे हे. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी निघाली. गिरण्या बंद पडून जमाना झाला, पण पहाटे पोटात काहीतरी गरम टाकायची सवय शहरानं सोडलेली नाही. म्हणून नाश्त्याला साडेसात ते साडेआठ ही वेळ धरा.

पोहे सगळीकडं आहेत, त्यासाठी वेगळं फिरायला नको. इथं विचारायचं ते उप्पीट आणि सुशीला. सुशीला म्हणजे चुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरची-हळदीच्या फोडणीत परतलेले आणि वर दाण्याचा किंवा डाळ्याचा कूट. हॉटेलच्या पाटीवर क्वचित लिहिलेलं असतं, त्यामुळं तोंडानं विचारावं लागतं. खरी सुशीला घरी होते. शेजारच्या काकूंनी ताटली पुढं केली तर नको म्हणू नका.

संध्याकाळचा प्रकार वेगळा. चुरमुरे आणि मिरची भजी. लांब, कमी तिखट मिरची बेसनात बुडवून तळलेली, शेजारी तेल-तिखट लावलेले चुरमुरे. पार्क चौकाजवळच्या गाड्यांवर गर्दी असते. नव्यानं आलेला माणूस तिथं भेळ-पाणीपुरीत अडकतो. भज्यांच्या कढईकडं आधी जा.

पूर्वभाग: इडलीच्या मागं मागं

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा रोज कानावर पडतात, आणि प्रत्येक भाषेची चूल वेगळी आहे. पूर्वभाग म्हणजे अशोक चौक, कन्ना चौक, साखर पेठ, दत्त नगर हा पट्टा. विणकामाच्या निमित्तानं तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज इथं पिढ्यान्‌पिढ्या राहतो. गल्लीत शिरलात की आधी यंत्रमागाची खटखट ऐकू येते, मग इडलीच्या भांड्याची वाफ दिसते.

इथली इडली गाड्यावर खा. चटणी पातळ, तिखट, पळीपळीनं वाढतात. उडदाचा वडा असेल तर तो आधी मागा, कारण तो आधी संपतो. पण पूर्वभागाचं खरं खाणं घरात आणि सणात आहे. अंबाडीला इथं पुंटीकूर म्हणतात. तिचा आंबटपणा डाळीत घालतात, मटणातही घालतात, आणि ते एकदा खाल्लं की अंबाडीची पेंडी बघितल्यावर दुसरं काही सुचत नाही. तांदळाच्या पिठात दाणे, तीळ, मिरची घालून थापलेली सर्वपिंडीही अशीच घरातली. कार्यालयात, शेजारात, मुलांच्या शाळेत पद्मशाली ओळख झाली की मोकळेपणानं विचारा. "अक्का, पुंटीकूर कधी करणार?" एवढं विचारलं तरी बोलावणं येतं, असा माझा अनुभव आहे. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्वभागात पायी फिरून बघा.

खानावळीत बसायचं कसं

दोन आठवडे झाले, आता खानावळ. आधी शाकाहारी.

लिंगायत खानावळी शहरात बऱ्याच आहेत. ताटात मऊ भाकरी किंवा कडक भाकरी, भरलं वांगं, मोडाची उसळ किंवा झुणका, शेंगा चटणी, कारळाची चटणी, दही. आणि कडेला कच्ची मेथी, कांद्याची पात, काकडी. नवी माणसं ही कच्ची मेथी सजावट समजून बाजूला सारतात. ती खायची असते. वांग्याच्या तेलकट घासावर मेथीचं एक कडसर पान चावलं की तोंड स्वच्छ होतं, पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो.

जागा निवडता आली तर आतली, चुलीजवळची घ्या. भाकरी होताना बघण्यासारखी असते. मावशी परातीत पिठाचा गोळा मळतात, तळहाताच्या टाचेनं तो रगडतात, मग दोन्ही हातांनी थापत गोल फिरवतात. धप-धप-धप, एका लयीत. भाकरी उचलून तव्यावर पडते, वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरतो. पाणी सुकत आलं की उलटतात, आणि मग तव्याच्या बाजूला निखाऱ्यावर उभी धरतात. आधी एका कडेला फुगा येतो, तो सरकत सरकत मधे येतो, आणि अख्खी भाकरी टम्म होते. ती तशीच ताटात आली की मधोमध बोट घाला. वाफ निघून जाऊ द्या आणि पापुद्रा सुटतोय का बघा. पापुद्रा सुटला तर ती खानावळ धरून ठेवा. ज्यांची भाकरी जमते त्यांचं बाकीचं सहसा बिघडत नाही. नवीन ठिकाण पारखायला मला याहून खात्रीची खूण आजवर सापडलेली नाही.

दुसरी खूण म्हणजे दुपारी बाराला तिथं कोण जेवतंय. रिक्षावाले, मार्केट यार्डातले हमाल, कोर्टातले कारकून रोज जिथं येतात तिथं चव आणि दर दोन्ही सांभाळावे लागतात.

मटणाकडं आता वळा. रविवार आणि बुधवार हे मटणाचे दिवस. सोमवारी सिद्धेश्वराचा वार, गुरुवारी स्वामींचा, श्रावण तर अख्खाच, तेव्हा निम्म्या शहराचं मटण बंद असतं. रविवारी दीडच्या आत जाऊन बसा. अडीचला रस्सा उरतो, मटण उरत नाही, असं कितीदा तरी झालंय.

ताटात सुक्कं, रस्सा आणि बहुतेक ठिकाणी अळणी येतं. अळणी म्हणजे तिखट न घातलेलं, हळद-मिठात शिजवलेल्या मटणाचं पाणी. ते गरम आहे तोवर आधी प्या. पोट तयार होतं आणि मटण कोवळं आहे की नाही ते इथंच कळतं. मग भाकरी रश्श्यात कुस्करा. काळ्या तिखटाचा रस्सा आहे, लाल रंग बघून तिखटाचा अंदाज बांधू नका. काळपट दिसणारा जास्त झोंबतो. लिंबू पिळा, कांदा हातानं फोडा. रस्सा परत मागायला संकोच नको: "मालक, रस्सा घेऊन या की." वाढणारा खूश होतो. सावजी खानावळीही इथं आहेत. सोमवंशीय सहस्रार्जुन क्षत्रिय समाजाची ही पद्धत, तेल आणि तिखट दोन्ही हात सैल सोडून. पहिल्या महिन्यात नको, दुसऱ्या महिन्यात जा.

विजापूर वेशीत संध्याकाळी निखाऱ्यावर शिगा, म्हणजे सळईला लावलेलं मांस, भाजतात. रमजानमध्ये तिथं मीना बाजार भरतो, तेव्हा रोजा सुटल्यानंतर रात्री जा. रोजा सुटण्याच्या वेळी घाईनं ताटावर तुटून पडू नका. दिवसभर उपाशी राहिलेली माणसं तिथं आहेत, आधी त्यांना बसू द्या. गर्दीत गाडी नेऊ नका, लांब लावून चालत जा.

बेकरी

सोलापुरात बेकरी केकसाठी नाही, खारी-टोस्टसाठी असते. गल्लीतली जुनी, भट्टीवाली बेकरी शोधा आणि भट्टी कधी उघडते ते विचारून ठेवा. भट्टीतून निघून अर्धा तास झालेली खारी आणि काचेच्या बरणीतली कालची खारी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. गरम खारी लगेच पिशवीत बांधून घेऊ नका, वाफ धरून ती चिवट होते. कागदावर उघडी ठेवून घरी न्या.

आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस चुकवू नका. त्या दिवसांत लोक घरून मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून बेकरीत नेतात आणि नानकटाई भाजून आणतात. कारागीर तुमच्यासमोर तूप-साखर फेसतो, पत्र्यावर गोळे मांडतो, त्यावर खूण करतो आणि भट्टीत सारतो. मजुरी किलोवर असते. तुम्ही वेळ घेऊन ठेवा, आपलं तूप न्या, स्टीलचा मोठा डबा न्या आणि पत्रा बाहेर येईपर्यंत तिथंच थांबा. माझी आई डब्यात खाली जुना वर्तमानपत्राचा कागद आणि वर सुती फडकं घालायची, तुकडा पडत नाही म्हणून. मी अजून तसंच करतो, कागद फक्त कोरा घेतो.

प्यायचं

उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळं पेयं इथं चैनीची वस्तू नाही. मठ्ठा, ताक, रसवंतीतला उसाचा रस, गोटी सोडा, डाळिंबाच्या दिवसांत डाळिंबाचा रस. सोलापूरच्या डाळिंबालाही मानांकन आहे, सांगोल्याकडं बागाच बागा दिसतील. रसवंतीत बर्फ कुठला आहे ते बघून घ्या, शंका आली तर बिनबर्फाचा मागा. उसासोबत आलं-लिंबू घालायला सांगा. घरगुती ओळखीत आंबील किंवा हुलग्याचं माडगं मिळालं तर त्यासाठी दुसरं काहीही सोडा.

दारूबद्दल थोडक्यात. बिअर प्यायची असेल तर परवाना असलेल्या ठिकाणीच प्या. "गावाकडची अस्सल" म्हणून कुणी हातभट्टीची पुढं केली तर सरळ नाही म्हणा. तिच्यात काय मिसळलंय ते पिणाऱ्याला कळत नाही, आणि मिथिल अल्कोहोल असेल तर डोळे जातात, जीवही जातो.

तिसऱ्या महिन्यापासून: जिल्हा

आता गाडी काढा किंवा एसटी धरा. एका दिवशी एकच गाव. दोन गावं जोडलीत की दुसऱ्या गावात पोट भरलेलं असतं.

अक्कलकोट पहिलं घ्या, चाळीस किलोमीटरच्या आसपास. स्वामी समर्थांच्या अन्नछत्रात महाप्रसादाला बसा. हजारो माणसांची पंगत, शिस्तीनं वाढणारे हात, आणि कुणाला काही विचारलं जात नाही. पानात टाकू नका, लागेल तेवढंच घ्या. गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी फार, मधला एखादा वार बरा.

पंढरपूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला खाण्यासाठी म्हणून जाऊ नका, ते दिवस वारकऱ्यांचे. इतर एकादशीला गेलात तर गावभर उपवासाचंच मिळेल, म्हणजे भगर आणि दाण्याची आमटी. ती मुद्दाम खावी अशी असते. येताना चुरमुरे, बत्तासे, फुटाण्यांचा प्रसाद आणा, घरमालकांच्या हातावर ठेवा.

उजनीचे मासे हा आमच्याकडचा खरा ठेवा. भीमेवरचं हे धरण ११७ टीएमसीचं, त्याचा फुगवटा पुणे महामार्गाला लागून दूरवर पसरलाय. टेंभुर्णीपासून भिगवणकडं जाताना मासळीच्या खानावळीच खानावळी आहेत. चिलापी, रोहू, कटला, आणि नशीब असेल तर मरळ किंवा वाम. थाळी सांगण्याआधी मासा दाखवायला सांगा. डोळे पाणीदार, कल्ले लाल, बोटानं दाबलं तर खड्डा राहता कामा नये. चिलापी तळलेली घ्या, मरळ रश्श्यात. गोड्या पाण्यातल्या माशाला काटे बारीक असतात, लहान मुलांना भात कालवून देताना स्वतः चाचपून द्या.

आणि बाजार आमटी. करमाळा, माढा, बार्शी या भागातला हा पदार्थ. आठवडे बाजाराला आलेल्या माणसांचं जेवण म्हणून बाजार आमटी. तूर, हरभरा, मूग, मसूर अशा डाळी एकत्र शिजवतात, त्यात काळा मसाला, खोबरं, लसूण यांचं वाटण पडतं आणि वर बोटभर तर्री येते. मांसाहार न करणाऱ्यालाही मटणाच्या रश्श्याचं समाधान देणारा माझ्या माहितीतला हा एकच पदार्थ. ती चमच्यानं खायची नाही. दोन भाकऱ्या खोल ताटात बारीक चुरा, आमटी ओता, काला करा, मधे खळगं करा आणि त्यात पुन्हा आमटी घ्या. कांदा आणि लिंबू हवंच. शहरातही पाट्या दिसतील, पण पहिली आमटी त्या बाजूच्या गावात, बाजाराच्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमाराला खा. मोठं पातेलं सकाळपासून उकळत असतं आणि बाराला ते बरोबर आटलेलं असतं.

आणि थंडी

मार्गशीर्षात शहरालगतच्या बाळे गावच्या खंडोबाची यात्रा असते. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा. बऱ्याच घरांत चातुर्मासात बंद केलेलं वांगं या दिवशी पुन्हा ताटात येतं, म्हणून त्या भरताची गोडी वेगळी. पुढं जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि हरभरा, वाटाणा, गाजर, वांगं घातलेली मिसळीची भाजी. त्या दिवशी हॉटेलात शोधू नका, शेजारी बोलावतीलच. यात्रेतला सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा बघून होम मैदानावर फिरा. गड्ड्यात कडक भाकरीच्या गड्ड्या, भजी, चुरमुरे, गोडीशेव सगळं एका जागी मिळतं.

पण थंडीचा राजा हुरडा. मंगळवेढ्याला जा, पंचावन्न किलोमीटर. दुष्काळात बादशहाची धान्यकोठारं रयतेसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव. डिसेंबरअखेर ते जानेवारीअखेर हा काळ, पण पाऊस आणि पेरणीप्रमाणं पुढं-मागं होतो, म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याला आधी फोन करा आणि कणसं दुधाळ झालीत का, वाण कोणता, एवढंच विचारा. गूळभेंडी किंवा सुरती असेल तर हो म्हणा. नुसती "ज्वारी हाय की" असं उत्तर आलं तर थोडं थांबा. गूळभेंडी-सुरतीचा दाणा कोवळा, गोड आणि भोंडातून सहज सुटणारा असतो.

सकाळी नऊच्या आत शेतात पोचा. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या असतात, ती आगटी. धूर निघून निखारा झाला की कणसं त्यात खोचतात. कुणीतरी जाणता माणूस बसलेला असतो, त्याच्या हाताकडं बघा. कणीस बाहेर काढतो, दोन तळहातांत धरून चोळतो, फुंकर मारतो, आणि हिरवे वाफाळते दाणे तुमच्या पुढं पडतात. तुम्हीही एकदा चोळून बघा. तळहात भाजतात, कुसळं बोटांत शिरतात, पण स्वतः चोळलेला मूठभर हुरडा वेगळा लागतो. सोबत शेंगा चटणी, लसणीची चटणी, दही, गुळाचा खडा. पोट भरलंय असं वाटण्याच्या जरा आधी थांबा, हुरडा पोटात फुगतो. वर तांब्याभर ताक. निघताना शेतकऱ्याकडून चार-पाच किलो जुनी मालदांडी विकत घ्या आणि पीठ गिरणीतून थोडं थोडंच दळून आणा. ज्वारीचं पीठ शिळं झालं की भाकरीला चिरा पडतात.